नारळ मिळालेला खेळाडू तिकडे जाऊन चमकतो, तो का?

१७ मे २०२५, वेम्ब्ली स्टेडियम. इंग्लिश फुटबॉलमधल्या एफए कपची फायनल, क्रिस्टल पॅलेससमोर मँचेस्टर सिटी. सोळाव्या मिनिटाला उजवीकडून डॅनियल मुन्योझचा क्रॉस आला आणि एबेरेची एझेने पहिल्याच स्पर्शात तो जाळ्यात धाडला. सामना १-० असाच संपला. क्रिस्टल पॅलेसला आयुष्यातला पहिला मोठा करंडक मिळाला.

आता या एझेची मागची कुंडली बघा. तेराव्या वर्षी आर्सेनलने त्याला अकादमीतून, म्हणजे क्लबच्या मुलांच्या प्रशिक्षण शाळेतून, काढलं. मग फुलहॅम झालं, रेडिंग झालं, मिलवॉल झालं. अठराव्या वर्षी मिलवॉलनेही नारळ दिला. आणि वेम्ब्लीच्या त्या गोलनंतर तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याच आर्सेनलने त्याच एझेला सुमारे सहा कोटी पौंड मोजून परत आणलं. आपल्या रुपयांत सातशे कोटींच्या घरात. तेराव्या वर्षी तो त्यांच्याकडे फुकट होता.

अशी बातमी आली की कोल्हापुरातल्या तालमीच्या कट्ट्यावर असो की मडगावच्या टपरीवर, दोनच निकाल लागतात. एक, 'क्लबवाल्यांना डोळे नव्हते.' दोन, 'पोराच्या जिव्हारी लागलं, म्हणून पेटून उठला.' दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण थोडंच. 'काढल्यावर सुधारला' या एका गोष्टीच्या पोटात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्यातल्या एक-दोन तर अशा, की तिथे खेळाडू सुधारलेलाच नसतो. आपल्याला फक्त तसं दिसतं.

## आधी हे 'सोडणं' म्हणजे काय ते बघू

आपल्याला 'रिलीज' हा शब्द आयपीएलमुळे माहीत झाला. संघ काही खेळाडू राखतो, बाकीचे सोडतो. सोडलेले लिलावात जातात आणि हातोडा पडेल तिकडे खेळतात. पंजाबने २०१९ च्या मोसमासाठी वरुण चक्रवर्तीला ८ कोटी ४० लाखांना घेतलं. पहिल्याच षटकात त्याला २५ धावा पडल्या, मग बोट दुखावलं, मोसमभरात सामना एकच. पंजाबने सोडलं, कोलकात्याने उचललं, आणि २०२४ च्या विजेतेपदात त्याच्या २१ विकेट होत्या.

फुटबॉलमध्ये लिलाव नसतो. युरोपात बहुतेक करार ३० जूनला संपतात. क्लबने नवा करार दिला नाही की खेळाडू मोकळा, म्हणजे 'फ्री एजंट'. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून करार संपलेल्या खेळाडूसाठी जुना क्लब पैसे मागू शकत नाही. अकादमीतल्या मुलांचं आणखी सरळ असतं. दर एक-दोन वर्षांनी क्लब ठरवतो कोणाला पुढे न्यायचं. बाकीच्यांच्या आईवडिलांना बोलावून सांगितलं जातं.

यातला एक मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. मोकळा झालेला खेळाडू कुठे जायचं ते बऱ्याच अंशी स्वतः निवडतो, आणि जो क्लब त्याला घेतो त्याला तो *हवा* असतो. आयपीएलमध्ये जिथे विकला गेलास तिथे खेळ. इथे मात्र दोन्ही बाजूंनी पसंती लागते. स्थळ जुळवण्यासारखंच.

## आठ वर्षांच्या मुलाचा न्याय

हॅरी केनला आर्सेनलने आठ-नऊ वर्षांचा असताना सोडलं. मूल जरा गुटगुटीत होतं, फारसं चपळ नव्हतं, असं त्या वेळचे अकादमीप्रमुख लियम ब्रॅडी यांनी नंतर कबूल केलं. चूक झाली असंही म्हणाले. केन वॉटफर्डमध्ये थोडे दिवस काढून २००४ मध्ये टॉटनमच्या अकादमीत पोहोचला. पुढे टॉटनमसाठी २८० गोल, म्हणजे त्या क्लबचा आजवरचा उच्चांक, आणि इंग्लंडसाठीही सर्वाधिक.

आता त्याची जन्मतारीख बघा: २८ जुलै १९९३. इंग्लंडमध्ये शाळेची आणि फुटबॉलच्या वयोगटाची रेघ १ सप्टेंबरला आहे. म्हणजे केनच्या गटात १९९२ च्या सप्टेंबरात जन्मलेली मुलंही होती, त्याच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठी. तिशीत दहा महिने म्हणजे काहीच नाही. आठव्या वर्षी दहा महिने म्हणजे आजवरच्या आयुष्याचा दहावा भाग! पहिलीच्या वर्गात डोकावा: जून-जुलैत सहा पूर्ण केलेलं पोर आणि वर्ष संपता संपता सहा होणारं पोर, एकाला दप्तर पेलतं, दुसऱ्याला दप्तरच घेऊन चालतंय असं वाटतं. त्या दोघांना धावायला लावून 'गुणवत्ता' मोजायची.

याला संशोधक 'सापेक्ष वयाचा परिणाम' म्हणतात. कॅनडाच्या आइस हॉकीत हे ऐंशीच्या दशकातच लक्षात आलं होतं: तिथे रेघ १ जानेवारीला, आणि वरच्या स्तरावर जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी. इंग्लिश अकादम्यांत तीच गर्दी सप्टेंबर ते नोव्हेंबरवाल्यांची असते. एझेचा वाढदिवस? २९ जून.

पण सगळं तारखेवर ढकलू नका. जेमी वार्डीचा जन्म जानेवारीतला, म्हणजे गटात मधला. त्यालाही शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी 'फार लहानखुरा' म्हणून काढलं. अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने पंधराच्या आसपास सोडलं, कारण तेच. हा दुसरा प्रकार आहे. कॅलेंडर एक असतं आणि हाडांचं वेळापत्रक वेगळं. मुलगे साधारण तेरा-चौदाच्या सुमारास झपाट्याने उंच होतात, वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत. पण कोणी बाराव्या वर्षीच ताडासारखं वाढतं, तर कोणाला सोळा उजाडावं लागतं. चौदा वर्षांखालच्या सामन्यात एक जण मिसरूड फुटलेला बाप्या आणि त्याला अडवणारा अजून पोरगेलासा, हे दृश्य कुठल्याही शालेय स्पर्धेत दिसतं. त्या दिवशी कोण जिंकणार ते सांगायला प्रशिक्षक लागत नाही. अडचण पुढची आहे: बाप्याची वाढ संपलेली असते, दुसऱ्याची सुरूही झालेली नसते.

आणि इथे एक गंमत घडते. लहान अंगाच्या मुलाला टिकायचं तर धक्काबुक्कीत जिंकता येत नाही. त्याला चेंडू यायच्या आधी मान वळवून बघावं लागतं, पहिला स्पर्श नेमका लागतो, डोकं आधी चालवावं लागतं. चार वर्षांनी उंची आली की ही सगळी शिदोरी त्याच्याकडे असते आणि वर ताकदही येते. 'काढल्यावर सुधारला' असं आपण ज्याला म्हणतो, त्यातला मोठा भाग फक्त इतकाच असतो की काढल्यावर *वाढला*.

काही अकादम्या आता यावर उपाय करतात. मुलांना जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार गटांत घालून सामने खेळवतात. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळा राष्ट्रीय संघच ठेवला. तोडगा साधा आहे, सुचायला मात्र वेळ लागला.

## तरव्यात रोप दाटलं की

कोकणात किंवा गोव्यात भाताची लावणी पाहिली असेल तर पुढचा भाग सोपा जाईल. आधी छोट्या वाफ्यात बी दाट पेरतात. तो तरवा. वीस-पंचवीस दिवस रोपं तिथे एकमेकांना खेटून वाढतात, हिरवीगार दिसतात. पण तिथेच ठेवली तर? बारीक राहतात, पिवळी पडतात. उपटून, चिखलात वीतभर अंतर राखून लावली की मुळं पसरतात आणि बुडातून फुटवे येतात. बी तेच असतं, फक्त जागा मोकळी मिळते.

मोठ्या क्लबची राखीव फळी म्हणजे दाट तरवा. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, मोठ्या वयाच्या खेळाडूंची नोंदणी पंचवीसवर थांबते, मैदानात अकराच उतरतात. उजव्या बगलेत क्लबने पाच कोटी पौंडांचा खेळाडू आणून ठेवला असेल, तर एकोणीस वर्षांचा पोरगा कितीही चांगला असो, त्याला मिळणार वय-एकवीसखालचे सामने: रिकामी स्टँड, निकालाची कोणाला पडलेली नाही, चूक झाली तर कोणी ओरडत नाही. तांत्रिकदृष्ट्या सराव उत्तम. पण भर पावसात, चारशे प्रेक्षकांसमोर, पस्तीस वर्षांचा बचावपटू कोपर मारतोय आणि सामना हरलो तर त्याच्या घराचा हप्ता अडकणार आहे, हे शिक्षण तिथे मिळत नाही.

वार्डीला ते मिळालं. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स हा शेफील्डजवळचा छोटा क्लब, इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या-आठव्या पायरीवरचा. आठवड्याचे तीस पौंड. दिवसा अपंगांसाठीचे आधारपट्टे बनवणाऱ्या कारखान्यात काम. एका मारामारीच्या प्रकरणात शिक्षा झाल्याने काही महिने घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा आणि संध्याकाळची संचारबंदी. बाहेरगावचा सामना असेल तर साठाव्या मिनिटाला मैदान सोडून गाडीत बसायचं, वेळेत घर गाठायचं. तिथून २०१० मध्ये हॅलिफॅक्स, २०११ मध्ये फ्लीटवूड, आणि २०१२ मध्ये लेस्टरने दहा लाख पौंड देऊन घेतलं. व्यावसायिक लीगच्या चार श्रेणींबाहेरून आलेल्या खेळाडूसाठी तोवर कोणी इतके मोजले नव्हते. २०१५-१६ मध्ये लागोपाठ ११ सामन्यांत गोल आणि लेस्टरला प्रीमियर लीगचं विजेतेपद.

रॉबर्टसनची वाट क्वीन्स पार्कमधून गेली. तो तेव्हा हौशी क्लब होता, खेळायचे पैसे नाहीत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्याने ट्विट केलं होतं: खिशात पैसे नसले की या वयात जगणं बेकार, नोकरी पाहिजे. पाच वर्षांनी तो लिव्हरपूलमध्ये होता, सात वर्षांनी चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, विजेता. मधल्या काळात काय झालं? डंडी युनायटेड, हल, आणि दर आठवड्याला मोठ्यांचा सामना. पोलंडचा लेवांडोव्स्कीसुद्धा असाच: २००६ मध्ये लेगिया वॉर्सॉने दुखापतीनंतर राखीव संघातून सोडला, तो झ्निच प्रुश्कुव नावाच्या लहान क्लबात गेला आणि तिसऱ्या श्रेणीत एका वर्षी, दुसऱ्या श्रेणीत पुढच्या वर्षी सर्वाधिक गोल करून मोकळा झाला.

## पिर्लोला कोणी काय शिकवलं?

आतापर्यंत मुलांबद्दल बोललो. पण मोठ्यांचं काय? बत्तीस वर्षांचा माणूस तर वाढत नाही.

इटलीचा मधल्या फळीतला आंद्रेआ पिर्लो २०११ मध्ये एसी मिलानमधून बाहेर पडला तेव्हा बत्तीसचाच होता. तिशी उलटलेल्यांना क्लब एकेक वर्षाचाच करार देत असे. त्याला जास्त हवा होता. त्या मोसमात तो बराच काळ दुखापतीत होता आणि मिलानने त्याच्याशिवायही लीग जिंकली होती. प्रशिक्षक अलेग्री यांना बचावफळीसमोर धडधाकट, चेंडू हिसकावणारा माणूस हवा होता. पिर्लो तसा नव्हताच. मग तो फुकटात युव्हेंटसला गेला. पुढची चारही वर्षं लीग युव्हेंटसने जिंकली, पहिलं वर्ष तर एकही सामना न हरता.

पिर्लो त्या उन्हाळ्यात काही नवं शिकला का? नाही. युव्हेंटसमध्ये त्याच्या आजूबाजूला विदाल आणि मार्किझिओसारखे धावणारे होते. पळापळ त्यांनी करायची, चेंडू याने वाटायचा.

आणि त्याच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडत होतं. इंटरमध्ये तरुणपणी तो पुढे, गोलच्या जवळ खेळायचा आणि फारसा जमत नव्हता. २००१ मध्ये उसनवारीवर ब्रेशियाला गेला. तिथे पुढची जागा साक्षात रॉबर्टो बाज्जिओकडे होती. प्रशिक्षक माझोने यांनी मग पोराला मागे, बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं. तिथून त्याला सगळं मैदान दिसायला लागलं. पुढच्या दीड दशकाचा पिर्लो असा घडला, कारण दुसरी जागा रिकामी नव्हती म्हणून.

स्थळ जुळवण्याचा मुद्दा इथे येतो. सोडलेला खेळाडू जातो तोच मुळी त्याची गरज असलेल्या ठिकाणी. त्यामुळे 'नव्या संघात तो बरा खेळला' यात आश्चर्य कमी असायला हवं.

## ताप उतरायच्या दिवशी बांधलेला गंडा

हा भाग थोडा आकड्यांचा आहे. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचाही.

आजी गंडा कधी बांधते? ताप पहिल्या दिवशी आला की नाही. तीन दिवस उतरला नाही, १०३ वर गेला, की मग. साध्या विषाणूचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी तसाही उतरतो. पण श्रेय गंड्याला.

फुटबॉलमध्ये खेळाडूला काढतात कधी? मोसम सगळ्यात वाईट गेला की. आता हिशेब करू. समजा एक स्ट्रायकर मोसमात ६० वेळा गोलवर फटका मारतो. साधारणपणे दहातला एक फटका गोल होतो, म्हणजे अपेक्षा सहा गोलांची. पण 'अपेक्षा' म्हणजे दरवर्षी नेमके सहा नव्हेत. खांबाला लागून आत गेला की बाहेर, गोलरक्षकाच्या बोटाचं टोक लागलं की नाही, यात नशीब असतं. गणित मांडलं तर अगदी तोच खेळाडू, तोच दर्जा, तेच ६० फटके, आणि सातातल्या साधारण एका मोसमात त्याचे तीन किंवा त्याहून कमी गोल होतात. तशाच एका मोसमात नऊ किंवा जास्त. दर्जात काडीचाही फरक नाही!

तीन गोलांच्या वर्षी क्लब म्हणतो, संपला हा. काढून टाका. पुढच्या वर्षी नव्या जर्सीत तो नेहमीचे सहा मारतो, आणि पेपरात मथळा येतो: 'गोल दुप्पट.' तो सुधारला नाही, तो नेहमीच्या ठिकाणी परत आला. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणं' म्हणतात. हापूसच्या बागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही; एक साल झाड लगडलं नाही म्हणून तो कुऱ्हाड काढत नाही.

याच कारणाने हल्ली क्लब नुसते गोल मोजत नाहीत, प्रत्येक फटका किती सोप्या जागेवरून होता ते मोजतात. त्याला 'अपेक्षित गोल' म्हणतात. खेळाडू योग्य जागी पोहोचतोय पण चेंडू आत जात नाहीये, असं दिसलं तर हुशार क्लब त्याला विकत नाही, आणि शेजारचा हुशार क्लब त्याला स्वस्तात विकत घेतो.

## बांधावर उरलेला तरवा

लावणी झाली की थोडा तरवा उरतोच. तो बांधावर पडतो, गुरं खातात. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

वार्डी, केन, एझे, रॉबर्टसन ही नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ती परत वर आली. त्यांच्याबरोबर त्याच वर्षी, त्याच खोलीत बसून 'सॉरी' ऐकलेली मुलं आज कुठे आहेत? कोणी गाडी चालवतं, कोणी शाळेत शिकवतं, कोणी रविवारी मित्रांबरोबर खेळतं. एका मोठ्या क्लबच्या अकादमीत नऊ ते अठरा वर्षांपर्यंतचा प्रत्येक वयोगट, प्रत्येकात पंधरा-वीस मुलं, असे दीडशे-दोनशे जण धरा. मुख्य संघात दोन वर्षांतून एखादा टिकला तरी अकादमी यशस्वी मानली जाते. बाकी सगळे 'सोडलेले' असतात. एवढ्या हजारोंतून दहा-वीस चमकले, तर 'सोडल्यामुळे सुधारतात' असा नियम निघत नाही. बारावी नापास होऊन उद्योगपती झालेल्या माणसाच्या मुलाखती होतात, म्हणून बारावीला नापास व्हावं असं कोणी म्हणत नाही. बरं, म्हणतात काही जण, पण त्यांचं सोडा.

या मुलांच्या मनावर काय होतं हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. आठव्या वर्षापासून अंगावर क्लबचा टी-शर्ट, वर्गात तीच ओळख, आणि एका दुपारी ती संपते. क्रिस्टल पॅलेसने २०२२ मध्ये सोडलेल्या मुलांना तीन वर्षं आधार देण्याची योजना सुरू केली, ती या जाणिवेतूनच.

## 'पण जिद्दीचं काय? अपमान सोसून उठलेली माणसं असतात ना?'

असतात. एझेने सांगितलंय की आर्सेनलने सोडल्यावर तो आठवडाभर रडला. पण राग हे इंधन म्हणून कमी टिकतं. तीन महिने पुरेल, दहा वर्षं नाही. शिवाय वार्डीची गोष्ट नीट वाचली तर ती जिद्दीच्या साच्यात बसत नाही: लेस्टरमधल्या पहिल्या मोसमात लीगमध्ये त्याचे जेमतेम चार गोल होते, समाजमाध्यमांवर शिव्या पडत होत्या आणि तो फुटबॉल सोडायच्या विचारात होता. प्रशिक्षकांनी समजावून थांबवलं. म्हणजे अपमानाने तो पेटला नाही, खचला. आणि कोणीतरी धीर धरला म्हणून टिकला.

जिद्द लागतेच. पण बांधावरच्या तरव्यातही ती होती. फरक तेवढ्याने पडत नाही.

## 'म्हणजे एवढा डेटा, एवढे पैसे, तरी क्लब चुकतातच?'

चुका दोन प्रकारच्या असतात. नको त्याला ठेवणं आणि हवा त्याला सोडणं. पहिली चूक झाली तर तो खेळाडू दोन-तीन वर्षं बाकावर बसून विस्मरणात जातो. दुसरी दर शनिवारी टीव्हीवर दिसते. म्हणून आपल्याला दुसऱ्याच चुका जास्त वाटतात.

आणि सोडण्याचा निर्णय त्या दिवशी बरोबर असूनही नंतर चुकीचा दिसू शकतो. चेल्सीने केव्हिन डी ब्रॉयनाला जानेवारी २०१४ मध्ये वोल्फ्सबर्गला विकलं, तेव्हा त्याच्या जागेवर हझार्ड, ऑस्कर आणि विलियन होते. मोसम उलटला आणि पुढच्याच वर्षी चेल्सीने लीग जिंकली. डी ब्रॉयना नसताना! मग तो मँचेस्टर सिटीत गेला आणि पुढचं दशक सगळ्या इंग्लंडला छळलं. चेल्सी मूर्ख होती का? २०१५ च्या मे महिन्यात विचारलं असतं तर कोणी हो म्हणालं नसतं.

ज्या क्लबांना हे उमगलंय ते पूर्ण दार लावत नाहीत. रेआल माद्रिदने दानी कार्वाहालला २०१२ मध्ये पन्नास लाख युरोंना लेव्हरकुसेनला विकलं, पण करारात परत विकत घ्यायचा हक्क ठेवला. एक मोसम तो जर्मनीत रोज खेळला. माद्रिदने ६५ लाखांना परत आणला. पंधरा लाख युरोंत दुसऱ्याच्या शेतात लावणी करून भात घरी! त्याने पुढे सहा चॅम्पियन्स लीग जिंकल्या.

## पुढची अशी बातमी वाचताना

मी आता तीनच गोष्टी तपासतो. सोडलं तेव्हा वय किती होतं? अठराच्या आत असेल तर आधी उंचीकडे बघायचं. जुन्या आणि नव्या संघात मिनिटं किती मिळाली, आणि जागा तीच होती का? आणि मोठा खेळाडू असेल तर सोडण्याच्या *आधीची* तीन-चार वर्षं कशी होती? बहुतेक 'चमत्कार' तिसऱ्या प्रश्नावरच विरघळतात. जे उरतात ते खरे, आणि ते फार सुंदर असतात.

एक फोटो आहे, अधूनमधून फिरत असतो. १२ मे २०१३, वॉटफर्डचं मैदान, वरच्या श्रेणीत जाण्यासाठीची प्ले-ऑफ उपांत्य लढत. लेस्टर तो सामना अखेरच्या मिनिटांत हरलं. लेस्टरची पेनल्टी हुकली आणि लगेच प्रतिहल्ल्यात वॉटफर्डने गोल केला, तेवढंच लोकांना आठवतं. फोटो मात्र लेस्टरच्या राखीव बाकाचा आहे. शेजारी शेजारी दोघे बसलेत: एक, शेफील्डने लहानखुरा म्हणून काढलेला, दुसरा, आर्सेनलने गुटगुटीत म्हणून काढलेला आणि टॉटनमने उसना दिलेला. त्या मोसमात लेस्टरसाठी लीगमध्ये दोघांचे मिळून गोल सहा.